साहेब, सरपंच तवा जित्ते होते

साहेब, वेल्ह्याकडचे तुमचे सरपंच गेले असं म्या तुमाला पहिल्यांदा सांगितलं, तवा ते चांगले जित्ते होते. कुणाचा फोन न्हवता की काय न्हवतं. कापूरहोळच्या टपरीवर आमी डायवर लोक बसलो होतो. त्यातला एक म्हणला, "तुझा आमदार कुणाच्या बी दहाव्याला रडतो. वळख असो नसो, डोळ्याला रुमाल." म्या म्हणलं, "हे तर काहीच न्हाई. म्या त्यास्नी जित्या माणसापाई रडवून दावतो." मिसळीवर पैज लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी इचारलं, "आज कुठं कुठं जायचंय?" आन म्या तोंड पाडून सांगून टाकलं.

मला वाटलेलं, तुमी नुसतं "अरेरे" म्हणाल. मागच्या इलेक्शनला सरपंच समोरच्या पार्टीत गेले होते, तवापासनं तुमी त्यांच्या दारात पाय ठेवला न्हवता. पण तुमी गाडीत बसला आन नसरापूर यायच्या आधीच रडाय लागला. म्हणला, "पहिल्या इलेक्शनला गाडी न्हवती रं. मी आन तो चालत. त्याच्या खांद्यावर कर्णा, माझ्या डोक्यावर बॅटरी. त्या साली पडलो, तर मला घरी न्हेऊन त्यानं कोंबडं कापलं." मला आरशात बघवंना. गाडी वळवावी असं चारदा वाटलं, पण वळवायची तर कारण सांगाय लागलं असतं.

तुमची सगळी आमदारकीच लोकांच्या दुखाला जाण्यावर उभी होती. रस्ते केलात, शेवटच्या वाडीला एसटी न्हेली, भाटघरच्या पाण्यासाठी इधानसभेत भांडलात, ते लोक इसरलेत. पण आमच्या दुखात साहेब दारात आला, हे कुणी इसरलं न्हाई. पडलात तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दहाव्याला हजर.

आपण पोचलो तवा सरपंच अंगणात खुर्चीत बसून दाढी करून घेत होते. एका गालाला फेस. तुमी मयताच्या घरी जाता तसं चपला गाडीतच काढून उतरलेला. माझ्या पोटात हासू बी आलं आन मुतायला बी लागलं.

"काय आमदार, इलेक्शन आलं व्हय?" सरपंच म्हणले.

"न्हाई रं. लई दिस भेट न्हाई, म्हणून आलो."

"आन डोळं कशानं लाल झालं?"

"घाटात धूळ लई."

सरपंचांनी तुमच्या उघड्या पायाकडं बघितलं. वैनींनी चहा आणला. तुमी सवयीनं "नको" म्हणला, कारण दुखाच्या घरी तुमी पाणी बी घेत न्हवता. आन उठलात ते "येतो" न म्हणताच गाडीकडं निघालात. मयताच्या घरनं निघताना कुणी "येतो" म्हणत न्हाई, तीच सवय. मागनं सरपंच वरडले, "आरं, येतो तरी म्हण. मेलो न्हाई मी अजून."

तुमी वळला, हात जोडलं, म्हणला, "येतो रं. येतोच."

वाटंत मला इचारलं तवा म्या सांगितलं, कुणीतरी फोनवर फसवलं. तुमी एवढंच बोलला, "जित्ता हाय, बरं झालं." आन हासला. त्यापरीस कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवाळीच्या आधी मला खराच फोन आला. तुमी पेपर वाचत होता. म्या म्हणलं, "साहेब, सरपंच गेले."

तुमी पेपर खाली न घेताच म्हणला, "परत? ह्या खेपेला कसली पैज हाय, मिसळीची का वडापावची?"

म्हंजे तुमाला सगळं ठावं होतं. पाया पडून सांगायचं होतं, का तवाचं खोटं होतं, आजचं खरं हाय. तेवढंच सांगायचं होतं. तुमी म्हणला, "जा, गाडी पूस," आन म्या गेलो आन गाडी पुसत बसलो. लई येळ पुसली. दुसऱ्यांचे फोन आले तवर दुपार टळली होती, तिकडं अग्नी देऊन झाला होता.

दहाव्याला आपण गेलो. दरवेळी तुमाला बोलाय लावायचे, त्या दिवशी कुणी माईक दिला न्हाई. तुमी थोरल्या लेकाच्या म्होरं हात जोडून उभं राहिला. तो म्हणला, "तुमचं भेटाय येणं आधीच झालंय की, साहेब." नदीच्या घाटावरची सगळी माणसं ऐकत होती. तुमी माझ्याकडं बोट दावलं असतं तर तितंच मिटलं असतं. तुमी तसंच हात जोडून खाली बघितलं. म्या तर गाडीपाशी उभा राहून मोबाईलात बघत होतो, मेसेज आल्यासारखं.

त्यानंतर तुमी मला कधी इचारलं न्हाई, कोण गेलं म्हणून. वर्साच्या आत तुमीच गेला. तुमच्या दहाव्याला दोनी तालुके लोटले, त्या गावचं कुणी आलं न्हाई. आता म्या टेम्पो चालवतो. तिकडचं पाशिंजर बसलं की कधीतरी निघतंच, "साहेब आकसाचा माणूस, येतो म्हणून गेला, दोस्ताच्या मातीला आला न्हाई." म्या तोंड उघडलं तर तुमचं नाव धुऊन निघंल. म्या गाण्याचा आवाज वाढवतो.

हे लिवलंय, पण टाकू कुठं? शिटाखाली ठेवतो. साहेब, सरपंच तितं भेटले आसतील तर सांगा, मातीला यायचं तुमी मुद्दाम टाळलं न्हाई. पण कुणामुळं ऱ्हायलं, ते सांगू नका. आन माझी आई बी आता तितंच हाय. साहेबांच्या हाताखाली पोरगं सुदारलं, असं ती मरंस्तोवर सांगत होती. पाया पडतो, तिला तर नकाच सांगू.