सरकलेला खांब

मंगळवार, चकलांबा

लडाखात कुंपणं घालायच्या कामावर होतो, तिथं गोठलेली जमीन फुगून खांब वर ढकलते. आपली काळी माती पावसात तेच करते. आमच्या शेतांमधल्या बांधावरचा हद्दीचा खांब तिनंच कलवला. थोरला चुलतभाऊ नामदेव, त्याला हेच समजावत होतो.

"खोटं बोलतो का बे! तूच सरकवलास," म्हणत त्यानं पहार उगारली. मी ती हिसकली अन् त्याच्याच हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. तिथंच का थांबलो न्हाई? परत हाणली, तसा नामदेव खाली कोसळला. तो आवाज अजून कानात हाय.

वहिनी पळत आली. "भावजी, खांब कुठं बी रोवा, पर यांना सोडा!"

मी पहार फेकून दिली, तरी ती नवऱ्याच्या अंगावर आडवी पडून राहिली.