टाळ्या मी ऐकल्या

पुणे

प्रिय आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझा खोकला गेला, मेसचं जेवणही आता चालतं. काळजी करू नकोस, करत असलीस तर.

आप्पांचा गुडघा खानापूरला दाखवलात का?

गावच्या साहित्य संमेलनातून माझं नाव काढलं, ते तुला ठाऊक आहेच. सीमाप्रश्नाच्या सभांत मराठीसाठी छाती बडवणारेच नातवंडांना इंग्रजी शाळेत घालतात, एवढंच मी लेखात लिहिलं होतं. मंडळाच्या आनंद सरांचा फोन आला. "तुझं खरं हाय रं, पण यंदा तू व्यासपीठावर नको." मग म्हणाले, "स्वागताचं भाषण तेवढं दरवर्षीसारखं लिहून दे. तुझं नाव कुठं येणार न्हाय."

दिलं लिहून. लेखातलं तेच वाक्य जसंच्या तसं मधे घातलं. सरांनी ते खणखणीत वाचलं. अडखळलेसुद्धा नाहीत. माझा लेख मंडळात कुणी वाचलेलाच नाही, आक्का.

व्हिडिओ पाहिला. त्या वाक्याला मांडव दणाणला. ग्रंथदिंडीची नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसलेली तूही टाळ्या वाजवत होतीस. लेखाखाली माझं नाव छापून आलं, त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस.

नऊवारी लई शोभत होती.

आप्पांना नमस्कार सांग. कुणाचा म्हणून विचारलं, तर भाषण लिहिणाऱ्याचा म्हण.

तुझा धाकटा