ढब्बूच्या कपाळाची तपासणी

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण घडलंय तसंच. ढब्बूच्या कपाळावर, डाव्या डोळ्याच्या वर, खड्डा दिसला.

ढब्बू म्हणजे मुलीचा ऑस्कर मासा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा हॉलमधली टाकी माझ्या स्वाधीन करून गेली. म्हणजे आईच्या स्वाधीन केली, पण मीही तिथेच उभा होतो.

उभी हयात कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. बायको रोज टाकीत हात घालते, तिला खड्डा दिसला नाही.

ढब्बू मला ओळखतो. मी टाकीपाशी गेलो की आनंदाने अशी उसळी मारतो की वरच्या झाकणावर ठक्क वाजतं. बायकोला अशी सलामी मिळत नाही. तिला वाईट वाटत असणार.

३ फेब्रुवारी, दुपार
नेटवर वाचलं. निदान पक्कं. सिक्लिड जातीच्या माशांना डोक्यात भोकं पडण्याचा रोग होतो. त्यात ऑस्कर तर पहिल्या नंबरावर. कारणं: खराब पाणी, निकस खाणं, नाहीतर पोटात जंतू. लक्षणं: डोक्याला खड्डे, अन्नावरची वासना उडणं, दोऱ्यासारखी पांढरी शी.

खड्डा आहे. माझ्यासमोर तो खातही नाही. बायको म्हणते, माझ्या हातून तर पोटभर खातो. तिचं निरीक्षण कच्चं आहे. शी अजून सापडली नाही. पाळत ठेवतो.

४ फेब्रुवारी
मुलीला फोनवर सांगून बसलो. सांगायला नको होतं. खड्डा केवढा आहे ते विचारलं. मग म्हणाली की महिनाअखेर येतेय, तोवर बरा झाला नाही तर मैत्रिणीकडे देऊन टाकते, तिच्याकडे मोठी टाकी आहे.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करते तो ढब्बूसाठी. आधी ढब्बू कसा आहे, मग आई कशी आहे, मग वेळ उरला तर मी. मासाच गेला तर फोन कशाला करेल? ढब्बू बरा झालाच पाहिजे आणि इथेच राहिला पाहिजे.

संकल्प: तासातासाला तपासणी. कपाळाला बांधायचा टॉर्च शोधून काढला. कारखान्यातल्या पोरांनी निरोपाला दिला होता. त्यांना माहीत होतं, हा माणूस स्वस्थ बसणार नाही.

६ फेब्रुवारी
माशांच्या दुकानात जाऊन आलो. फोटो दाखवला. जरा हललाय. मासा हललाय, माझा हात नाही. दुकानदार म्हणाला, तोंडावरची बारीक छिद्रं ऑस्करला जन्मापासून असतात, त्यांचं काही नाही. हा खड्डा मात्र खरचटल्यासारखा दिसतोय, कुठे आपटतो का? मी म्हटलं, छे, कशाला आपटेल? औषध मागितलं तर म्हणाला, नक्की कळल्याशिवाय टाकू नका. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार पहिल्यांदाच पाहिला. शेवटी पाणी तपासायचं किट मीच मागून घेतलं.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
पाण्यात नायट्रेट नॉर्मल. परत तपासलं. परत नॉर्मल. बायको म्हणे दर रविवारी थोडं पाणी बदलते. नको तिथे हिचा टापटीपपणा! आता रोगाचं कारण सापडायचं कसं?

९ फेब्रुवारी
पहिल्याच्या शेजारी दुसरा खड्डा. कडा लाल. टॉर्चमुळे स्पष्ट दिसला. माझी तपासणी सुरू झाल्यापासून रोग झपाट्याने वाढतोय. वेळेत लक्ष घातलं म्हणून बरं.

सलामीही वाढली आहे. आज झाकण हललं आणि माझा चष्मा भिजला. एवढ्या दुखण्यात एवढी माया. मलाच भरून आलं.

१२ फेब्रुवारी
चैन नाही. पेपर उघडला, मिटला. चहा अर्धा टाकून उठलो. बायको म्हणाली, अहो, एका जागी बसा की जरा. बसलो. टाकीसमोर. तर त्यावरही बोलली.

मागवलेलं जंतुनाशक औषध आलं. बायकोने हातातून काढून घेऊन स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केलं. आधी मुलीला विचारा म्हणे. मुलगी म्हणाली, पुरावा पाठवा. माझीच मुलगी. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
फोन पुस्तकांच्या फळीवर टेकवून दुपारभर टाकीचं शूटिंग केलं. मधल्या तपासण्या वेळच्या वेळी चालू. व्हिडिओ तसाच पाठवून दिला. स्वतः बघत बसायला सवड कुठे, पुढची तपासणी तोंडावर आली होती.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुलीचा फोन. पोरीने सगळा व्हिडिओ पाहिला. म्हणाली, मी हॉलमध्ये नसतो तेव्हा ढब्बू मजेत फिरतो, तोंडाने खडे उचलून इकडचे तिकडे करतो, आईच्या हातून खातो. मग दारातून उजेड येतो आणि ठक्क. उजेड गेला की शांत. परत उजेड, परत ठक्क. शेवटी म्हणाली,

"बाबा, त्याला रोगबिग काही नाही. तुम्हाला घाबरून आपटतोय तो."

मी म्हटलं, बघतो. काय बघणार, कप्पाळ! फार वाईट वाटलं. इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं.

मुलीचा हुकूम: टॉर्च बंद. टाकीच्या बाजूंना कागद. औषध नको, फक्त स्वच्छ पाणी. आणि बाबा हॉलमध्ये नकोत.

१५ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. एका व्हिडिओवरून निष्कर्ष काढणं घाईचं आहे. इतक्या छोट्या सॅम्पलवर आम्ही बोल्टसुद्धा नाकारत नसू. तरीही सहकार्य करायचं ठरवलं. स्वयंपाकघरात बसलो. भाजीचे तुकडे सारखे येत नाहीयेत हे बायकोच्या लक्षात आणून दिलं. तिने खुर्ची उचलून बाल्कनीत ठेवली.

२२ फेब्रुवारी
बायको म्हणते, जखम भरत आली. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळ आलीय. उपचार मात्र माझाच धरायला हवा. न जाण्याचा. पाय शिवशिवत असताना बाल्कनीत बसून राहणं येरागबाळ्याचं काम नाही.

२८ फेब्रुवारी
मुलगी आली. आल्या आल्या कागद काढला. ढब्बूचं कपाळ गुळगुळीत, जराशी पांढुरकी खूण तेवढी राहिलेली. पोरीने आईला मिठी मारली, मलाही मारली. म्हणाली, राहू दे याला तुमच्याकडेच. इतका आनंद रिटायर होतानाही झाला नव्हता.

पण फायनल इन्स्पेक्शनशिवाय माल पास करायचा कसा? त्या दोघी चहा टाकायला आत गेल्या. म्हटलं, एकदाच. टॉर्च बांधला, वाकलो.

ठक्क.

दचकून ताठ झालो तर टाकीवरच्या फळीचा कोपरा माझ्या कपाळात. दोघी धावत आल्या. आधी ढब्बूकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघांच्याही डाव्या डोळ्याच्या वर जखम. बायकोने मलम आणेपर्यंत मुलीने मैत्रिणीला फोन लावला होता.

१ मार्च
ढब्बू गेला. झाकणाच्या बादलीतून. मी लांब जिन्यात उभा राहून बघत होतो. टॉर्च नव्हता, काही नव्हतं. राहवेना, म्हणून नुसतं म्हटलं, सांभाळून न्या हं. बादलीचं झाकण आतून वाजलं.

ओळखतो तो मला. हे मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय.

टाकी रिकामी. दिवसभर घरात येरझाऱ्या.

९ मार्च
वाटलं होतं, आता मुलीचे फोन बंद. पण रोज संध्याकाळी येतोय. पहिला प्रश्न, बाबा, कपाळ कसं आहे? आधी मी, मग आई.

तिला अचूक माहिती द्यायची तर हयगय करून चालणार नाही. तासातासाला टॉर्च घेऊन आरशासमोर उभा राहतो. खपली काढून खालीही नीट बघून घेतो. एवढी काळजी घेऊनही जखम भरत का नाही, तेच कळत नाही.