शेवटची मैफल, पुन्हा एकदा

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मी, श्रीधर आगाशे, कतारमधील हमद पोर्टवरील एका मालवाहतूक कंपनीत मुख्य लेखापाल. आजच्या सहीबद्दल निदान स्वतःशी तरी खरे बोलावे, म्हणून ही नोंद करीत आहे.

सायंकाळी पुन्हा त्याच साल्सा मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. तिचा विख्यात लॅटिन अमेरिकन गायक आयुष्यभर 'शेवटची मैफल' जाहीर करीत राहिला आणि पुन्हा मंचावर येत राहिला. गाणे संपते, टाळ्या थांबत नाहीत, आणि तो धापा टाकत दोन शब्द उच्चारतो. त्यांचा अर्थ कार्यालयातील कोलंबियन सहकाऱ्याने मला सांगितला होता: "आणखी एकच." लोक आनंदाने ओरडतात.

तेवढ्यात नाशिकहून पत्नीचा, सुमनचा, फोन आला.

"अहो, परत त्या निरोपसम्राटालाच ऐकताय?" ती हसली. "राजीनामा दिलात ना? वरची खोली रंगवून घेतली तुमच्यासाठी."

सकाळी मॅनेजरने नवा करार पुढे सरकवला. "यल्ला, आगाशे, साइन अँड खलास!" चला, सही करा की झाले, असा त्याच्या अरबी-इंग्रजीचा अर्थ. मी सही केली. सक्ती कोणाचीच नव्हती. नाशिकला सकाळी उठून मी कोण असेन, हे मला ठाऊक नव्हते. एवढेच कारण? एवढेच.

"सुमन, आणखी एकच करार."

पलीकडे कोणी आनंदाने ओरडले नाही.

"मागच्या वेळीही हेच म्हणालात," ती शांतपणे म्हणाली. "मग ती खोली भाड्याने देऊन टाकते."

मला 'देऊ नकोस' म्हणता आले नाही. मागे टाळ्या चालूच होत्या.

श्रीधर आगाशे
अल अझीझिया, कतार
१३ नोव्हेंबर