पुढच्या महिन्यात येईल

१ जून २०२५, रविवार

मिरजेची गाडी सकाळी यशवंतपूरला वेळेवर पोचली. सामानाचा टेम्पो नऊला आला. दुपारपर्यंत घर लागलं. भूमिकाने आपली पुस्तकं आपण लावली आणि बागेतला झोपाळा खिडकीतून दिसतो का ते पाहून आली. दिसतो.

रोजनिशी कधी लिहिली नव्हती. कारखान्यात तपासणीच्या नोंदी लिहितो, तशाच इथे लिहीन. मार्चमध्ये शिवानी गेली. दोन वर्षं आजारी होती. तेव्हापासून मोठ्या माणसाशी बोलणं असं होत नाही, आणि भूमिका सात वर्षांची आहे.

नोकरी एप्रिलमध्ये सुरू झाली. दोन महिने गेस्ट हाऊसमध्ये राहून दर रविवारी घरं पाहिली. भूमिका मिरजेला माझ्या बहिणीकडे, अहल्याकडे होती. कागदावर तीन रकाने केले होते. येलहंका : हवा चांगली, घरं मोठी, पण कारखान्याला दीड तास. यशवंतपूर : कारखाना जवळ, पण बाजारातल्या ट्रकांमधून मुलीने रस्ता ओलांडायचा कसा? बनशंकरी : शाळा चालत सात मिनिटं, बाग, मेट्रो थेट. भूमिकाची अट एकच होती, झोपाळा.

ही गल्ली श्रीरंगने दाखवली. तो आमच्याकडे स्टोअर्समध्ये आहे. इथल्या जुन्या मराठी घरातला. बोलणं मराठी, मध्येच कन्नड. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी एकटा बसलो होतो, तर हा स्वतःचा डबा उचलून समोर येऊन बसला. म्हणाला, ‘सांगली का मिरज? भाकरी बघून ओळखलं.’

मे महिन्यात घर पाहायला भूमिकाला घेऊन आलो, तेव्हा घरमालकीण पद्मावती अक्कांनी पहिलं विचारलं, फॅमिली का बॅचलर. श्रीरंगने वाटेतच पढवून ठेवलं होतं. बायको वारलेली आहे म्हणालास तर शंभर प्रश्न. माहेरी गेलीय म्हण, पुढच्या महिन्यात येईल म्हण. नंतर कोण मोजतंय? स्वल्प ऍडजस्ट करायचं, अण्णा. आणि हसला.

मी तसं म्हणालो. भूमिकाचा हात माझ्या हातात होता. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

करार इथे घरच्या बाईच्या नावाने करतात. या गल्लीची रीतच आहे, असं अक्का म्हणाल्या. पुरुषाचं काय, आज हा कारखाना, उद्या तो. घर धरते ती बाई. शिवानीचं नाव लिहिलं आणि तिच्यासाठी मी सही केली.

आज गॅसवर दूध ठेवून उतू घातलं. तेही बाईनेच करायचं असतं म्हणे. तिच्या नावाने तू कर, असं अक्का म्हणाल्या. फेस भांड्याच्या काठावरून सांडला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘बंतु, बंतु!’ म्हणजे आलं, आलं. भूमिकानेही वाजवल्या. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

१५ जून, रविवार

निवड बरोबर ठरली. शाळा चांगली आहे. मी घरी परतेपर्यंत भूमिका शेजारी सुप्रीताकडे थांबते. सुप्रीताची मुलगी हर्षिता तिच्याच वर्गात आहे. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असतो. बाई मोजकं बोलते, डबा मात्र भरून पाठवते. आज चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात पाठवला होता.

फाटकाशी गल्लीतल्या घरांची यादी लावलेली आहे. आमच्यासमोर : शिवानी (येणार), भूमिका, रणजीत. सुप्रीताच्या घरासमोर तिचं नाव, हर्षिताचं नाव, आणि खाली नुसतंच ‘यजमान (येणार)’. ते वाचून बरं वाटलं. आमच्यासारखं आणखी एक अपुरं घर आहे.

श्रीरंगला जेवायला बोलावलं. नको म्हणाला. दुसऱ्यांदाही नको म्हणाला.

२० जुलै, रविवार

लोक तिची चौकशी करतात. मी सांगत राहतो. सासऱ्यांची तब्येत, मग गाडीची तिकिटं, मग आणखी काही. खोटं बोलण्याची सवय नाही मला, पण आता बोलताना अडखळत नाही. आज किराणावाल्याला सांगितलं की तिला इथली कॉफी आवडेल. शिवानी कॉफी पीत नसे.

भूमिका जवळच उभी होती. परत येताना तिने विचारलं, कोणत्या तारखेला. मी म्हटलं, काय कोणत्या तारखेला? ती पिशवी घेऊन पुढे चालू लागली. मीही विषय वाढवला नाही. वाढवायला हवा होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वरमहालक्ष्मी. इथे हा सण मोठा. कारखान्यात निम्मे लोक रजेवर, मीही घेतली. दहाच्या सुमारास पद्मावती अक्का आणि सुप्रीता हळदी-कुंकू घेऊन दारात आल्या. घरातल्या सवाष्णीला बोलवा म्हणाल्या. मी नेहमीचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, सरी, सरी, असू दे, पण दारात आणलेली ओटी परत नेत नाहीत. तिच्यासाठी घ्या. फक्त तोंडाने म्हणा, ती घेईल.

ओटी सवाष्णीची असते. मेलेल्या बाईच्या नावाने ती घेऊ नये, एवढं मलाही कळतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दारात दोघी हसऱ्या चेहऱ्याने उभ्या, ताटात नारळ, तांदूळ, हिरवं खणाचं कापड. मी म्हणालो, ‘घेईल ती.’

भूमिकाने न सांगता फ्रॉकचा घोळ पुढे धरला. त्यात त्यांनी ओटी घातली.

कापड कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

११ ऑगस्ट, सोमवार

इस्त्रीवाल्याने गठ्ठा आणून दिला. माझे चार शर्ट, दोन गणवेश आणि एक साडी. साडी आमची नाही म्हणून परत केली, तर तो हुज्जत घालू लागला. अम्मांनीच सकाळी खाली दिली, म्हणाला. कडक घडी नको असंही सांगितलं. मी विचारलं, कोणत्या अम्मांनी? तो माझ्याकडे पाहून हसला. नवरा-बायकोचं भांडण दिसतंय, असं त्याने शेजारच्या भाजीवालीला कन्नडमध्ये सांगितलं. तेवढं कन्नड मला येतं.

साडी जांभळी. शिवानीकडे जांभळी साडी नव्हती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस दारात रांगोळी आहे. ठिपके सरळ, रेघ कुठे तुटलेली नाही. शिवानीला रांगोळी येत नसे. दिवाळीला छाप वापरायची आणि त्यावरून स्वतःच हसायची. न्हाणीघरात मोगऱ्याच्या पाकळ्या. मोगऱ्याने तिचं डोकं दुखायचं.

कपाट पाहिलं. हिरवं कापड नाही.

भूमिकाची वेणी घालायला बसलो तर आधीच घातलेली, चौपदरी. कोणी घातली? म्हणाली, आईने. सहज म्हणाली, खोडरबर हरवलं म्हणावं तसं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सांगितलं. बागेत झोपाळ्यापाशी नेलं आणि सांगितलं की आई मार्चमध्ये वारली, तुला माहीत आहे, तू होतीस. घरात जी कोणी आहे ती आई नाही. मी लोकांशी खोटं बोललो, चूक झाली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बाबा, तूच म्हणालास ना येईल? सगळ्यांना म्हणालास.’

मी म्हटलं, तिला नीट बघ. आईला रांगोळी यायची का? आई अशी वेणी घालायची का?

तिला ठाऊक आहे. तीच तर गोष्ट आहे. म्हणाली, ही वेगळी आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं. ‘पण ही आजारी पडत नाही.’

मला ती बाई अजून एकदाही दिसलेली नाही.

संध्याकाळी पद्मावती अक्कांकडे गेलो. हात जोडून खरं काय ते सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या, थांबल्या नाहीत. आम्हाला ठाऊकच होतं की, म्हणाल्या. शाळेच्या फॉर्मवर तू खरं लिहिलंस ना. मग ओटी का दिलीत, असं विचारलं. त्यावर म्हणाल्या, ‘तू घेतलीस म्हणून.’

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्याची मिरजेची तिकिटं काढली. राजीनामा नंतर पाठवीन. भूमिकाला अहल्याआत्याकडे जायचंय एवढंच सांगितलं. कामावर गेलो नाही, दिवसभर तिच्या जवळच राहिलो. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. आत गेलो तर कढई गरम. कोणी नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

दोन बॅगा खाली नेऊन रिक्षात ठेवल्या. भूमिका बूट घालत होती. चौदा पायऱ्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

वर आलो तर दाराला आतून साखळी. भूमिका फटीतून पाहत होती. तिच्या केसांत गजरा. मी म्हटलं, उघड, गाडी चुकेल. तिने मला नीट निरखून पाहिलं. पाहुण्याकडे बघतात तसं. मग मागे वळून कुणाला तरी काही विचारलं, आणि मला म्हणाली, ‘आई म्हणते, बाबा अजून यायचेत. पुढच्या महिन्यात येतील.’

दार लावलं.

सुप्रीताच्या खिडकीत हर्षिता. फाटकाशी यादी : शिवानी. भूमिका. यजमान (येणार).

माझं नाव नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पोलीस आले. करार पाहिला. करार शिवानीच्या नावावर. आत जाऊन आले, चहा पिऊन आले. व्यवस्थित घर आहे, मुलगी खुशीत आहे, म्हणाले. मला विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो उलटून पाहिला आणि सांगितलं, साहेब, आत्ता त्यांच्याशी बोललो आम्ही. घरी जा.

अहल्याला फोन केला. ती म्हणाली, काय वेडंवाकडं बोलतोस, वहिनीशी सकाळीच बोलणं झालं. आवाज किती सुधारलाय —

सख्खी बहीण. तिने शिवानीला शेवटची आंघोळ घातली होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

श्रीरंगच्या खोलीवर गेलो. यशवंतपूरच्या बाजारामागे एक खोली आहे त्याची. भिंतीवर एकच फोटो. सुप्रीता. फोटोला हार.

हर्षिता त्याची मुलगी.

तीन वर्षांपूर्वी त्यानेही हेच सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात येईल. त्याला कोणी पढवलं नव्हतं, आपल्या मनानेच सुचलं. तो लसूण सोलत सांगत होता, मान वर करत नव्हता. मी विचारलं, मग मला तिथे का नेलंस? तुझ्यासमोर बसून रोज जेवलो मी. माझ्या डब्यातली भाकरी खाल्लीस.

म्हणाला, एक घर भरून दिलं की गौरीच्या दिवशी आत जेवायला घेतात. एक दिवस. उद्या गौर आहे, इथे ती गणपतीच्या आदल्या दिवशी असते.

मी त्याला मारायला हात उचलला. त्याने तोंड चुकवलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दहापासून बागेच्या कठड्यापाशी उभा होतो. श्रीरंग नवा शर्ट घालून आला, हातात मोसंबी आणि फुलं. सुप्रीताचं दार उघडलं. तो आत गेला. चाळीस मिनिटं.

बाहेर आला तो माझ्यापाशीच येऊन उभा राहिला. म्हणाला, हर्षिताने पाणी दिलं. ‘अंकल, आणखी घ्या’ म्हणाली. तुम्ही आईच्या ओळखीचे का, असंही विचारलं. मग म्हणाला, ‘पण पाणी तिने स्वतःच्या हातानं दिलं रे.’

भूमिका झोपाळ्यावर आली होती. माझ्याकडे पाहून हात हलवला. तिथून जाणाऱ्या बसलाही हलवला.

२ सप्टेंबर, मंगळवार

श्रीरंगच्या शेजारची खोली मिळाली. बॅचलर चालतो इथे. कामावर जातो. शाळेपाशी दोनदा गेलो — रखवालदार नाव विचारतो, वहीत बघतो, मान हलवतो — बाप बाहेरगावी आहे म्हणे —

पद्मावती अक्का बाजारात भेटल्या. स्वतःहून थांबल्या. त्या घराच्या वरचा मजला दसऱ्यानंतर रिकामा होतोय, म्हणाल्या. चांगली फॅमिली असेल तर सांग, अण्णा. आणि संक्रांतीला जेवायलाच ये.

९ सप्टेंबर, मंगळवार

नवीन माणूस आलाय. अभिराज. सातारचा. पाच वर्षांची मुलगी आहे, सध्या आजीकडे. गळ्यात साखळी, तिच्यात बायकांची अंगठी ओवलेली. मी विचारलं नाही. कॅन्टीनमध्ये डबा घेऊन जागा शोधत होता. मी मान खाली घातली. तरी समोर येऊन बसला. म्हणाला, दादा, तुम्ही मराठी ना? मुलीला आणायचंय. फॅमिलीसाठी चांगला एरिया कोणता?

बघून सांगतो, म्हणालो.

श्रीरंग पलीकडच्या टेबलावरून बघत होता.

१४ सप्टेंबर, रविवार

अभिराजचे तीन मेसेज. पत्ता द्या ना, आज सुट्टी आहे, बघून येतो. मुलीचा फोटोही पाठवलाय. पुढचे दोन दात नाहीत.

भूमिकाचे याच वर्षी पडले. वरचे दोन. आता नवे आले असतील — मला दिसले नाहीत, एवढ्या लांबून —

संक्रांतीला पाणी ती स्वतःच्या हाताने देईल. विचारेल, तुम्ही आईच्या ओळखीचे का —

त्याला लिहिलंय. बनशंकरी, शाळेजवळ, बागेसमोर. पाठवलेलं नाही. नुसतं लिहिलंय.

सकाळपासून काही खाल्लं नाही. पाव लिटर दूध आणलं, गॅसवर ठेवलंय. एकट्याला पुरे. फोन पुन्हा वाजतोय. लक्ष ठेवायला हवं, भांडं लहान आहे, दूध वर येतंय, मी उठून