अक्काची खोली

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा
आजपासून रोजनिशी. आडगावच्या जागेवर घर बांधायला घेतोय. कॉन्ट्रॅक्टर नाही, आर्किटेक्ट नाही. ओझरच्या फॅक्टरीत प्लॅनिंग सेक्शनला उमर गेली. विमानाचे सुटे भाग वेळेवर पोहोचवणाऱ्या माणसाला चार खोल्या जड नाहीत.
घर बांधणारे फसतात, कारण ते लिहून ठेवत नाहीत. मी लिहिणार. नियम पहिला: प्लॅन एकदाच करा, नीट करा, मग त्याला हात लावू नका.

१८ एप्रिल
हक्कसोडीवर अक्काची सही झाली. वडिलांची जागा आता माझ्या एकट्याच्या नावावर. अक्का सकाळच्या पहिल्या गाडीने सायखेड्याहून आली. दाजी गेल्यापासून ती दिराच्या घरी पडवीत राहते. ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर म्हणाली, मला पैशे नको वाल्मीक, जमीन बी नको, तुझ्या घरात खाली एक खोली दे, पडवीत लय दिवस काढले. मी म्हणालो, अक्का, दिली समज. खिडकी पूर्वेला ठेव म्हणाली, सकाळचं ऊन गुडघ्यांना बरं. मी म्हणालो, पूर्वेलाच.
नंतर तिला मिसळ खाऊ घातली. इतर घरांत या कागदावरून भाऊबहिणी कोर्टात जातात. आमच्यात तसलं काही नाही. प्रेम आहे.

२ मे
प्लॅन पूर्ण. ग्राफ पेपरवर, तीन रंगांत. खाली हॉल, किचन आणि अक्काची खोली. तिला जोडून संडास-बाथरूम, बाहेरून वेगळं दार. वर दोन बेडरूम, शिवाय आमच्या लेकीला, वेदिकाला, अभ्यासाची खोली. कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे तिचं.
सुवर्णाने प्लॅन बराच वेळ पाहिला आणि परत दिला. बायकोला प्लॅन वाचता येत नाही, हा काही तिचा दोष नाही.
'माझं घर, माझा प्लॅन' असा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. घर बांधणाऱ्यांना मोफत सल्ला. अॅडमिन मी.

१० मे, अक्षय्य तृतीया
भूमिपूजन झालं. दिवाळीला राहायला. लहानू मिस्त्रीला तारखांचा चार्ट दिला. त्याने घडी करून तंबाखूच्या पिशवीत ठेवला. म्हणजे जपून ठेवला.

२७ मे
पावसाळ्यात सिमेंटचे भाव वाढतात. म्हणून सगळं सिमेंट आताच आणून पत्र्याच्या शेडमध्ये रचलं. यालाच प्लॅनिंग म्हणतात. ग्रुपवर फोटो टाकला.

१९ जुलै
सिमेंटच्या निम्म्या गोण्या दगड झाल्या. जमिनीवर थेट रचल्या होत्या, खालून ओल लागली. लहानूने हे मे महिन्यात सांगायला हवं होतं. तो म्हणतो, मी म्हनलो होतो साहेब, तुम्ही फोटो काढत होते.
गोण्या कंपाउंडच्या कडेने लावून घेतल्या. तशा बऱ्या दिसतात. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला.

३ सप्टेंबर
भिंती कमरेएवढ्या आल्या. सुवर्णा साइटवर आली, फिरली, आणि वर कसं जायचं म्हणून विचारलं. मी म्हणालो, म्हणजे काय? ती म्हणाली, जिना कुठंय?
जिना माझ्या डोक्यात पहिल्यापासून होता. कागदावर उतरायचा राहिला. मे महिन्यातच का बोलली नाहीस विचारलं तर म्हणते, तुम्ही ऐकणार होता का. हे काही उत्तर नाही.
आता जिना अक्काच्या खोलीतूनच काढावा लागेल. खोली निम्मी होईल. एकट्या बाईला किती जागा लागते? खाट मावते. पूर्वेची खिडकी मात्र जिन्यात जातेय, ती उत्तरेला काढू. उजेड तो उजेड.

१२ ऑक्टोबर, दसरा
आज चौकट बसवली. चौकटीला हळदकुंकू लावायचा मान घरच्या लेकीचा, म्हणून अक्काला बोलावलं. मी साडी दिली, चांगल्यातली.
मग तिने खोली दाखव म्हटलं. वाळूच्या ढिगावरून चढून आत गेली, मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून पाहिले. मी जिन्याचं सांगितलं. मग म्हणाली, असू दे, पोरगी जाता-येता दिसल. खाट कुठे, पेटी कुठे, देव कुठे, सगळं तिने तिथल्या तिथे ठरवलं. मोठ्या मनाची बाई.
नियम: माणसांशी वेळेवर बोला. अडचण येत नाही.

१ नोव्हेंबर
दिवाळी. आज नव्या घरात असायचं होतं. स्लॅब नाही, लहानूही नाही. गावाला गेलाय, फोन बंद. चार्ट त्याच्याबरोबर गेला.

१४ फेब्रुवारी २०२५
बँकेचा हप्ता सुरू, राहत्या जागेचं भाडंही सुरू. दोन्हीकडून चिमटा.
आज कँटीनमध्ये सेक्शनमधला यादव म्हणाला, त्याचा भाचा रोहित फॅक्टरीत नवीन लागलाय, खोली शोधतोय. माझ्या लगेच लक्षात आलं: तळमजला, वेगळं दार, संडास जोडून. भाड्याने द्यायला याहून चांगला प्लॅन सापडणार नाही. आणि करार अकराच महिन्यांचा.
सुवर्णा म्हणाली, आधी अक्कांना विचारा. विचारायचं काय त्यात, सांगायचंच आहे. पण समोरासमोर सांगेन. अशा गोष्टी फोनवर बऱ्या नाहीत.

२३ मार्च
सायखेड्याला जाणार होतो. टाइल्स आल्या. पुढच्या रविवारी नक्की.

६ एप्रिल
पुढचा रविवार मागच्या आठवड्यातच झाला. आता वास्तुशांतीला ती येतेच आहे. तेव्हाच सांगू. प्रसन्न वातावरणात माणूस समजून घेतो.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
वास्तुशांत पार पडली. घराचं सगळ्यांनी कौतुक केलं. हॉलचं दार उघडलं की स्विचबोर्ड दारामागे जातो. पंखा लावायचा तर आधी दार लावावं लागतं. लोकांनी सांभाळून घेतलं.
अक्का रिक्षा करून आली. पेटी, वळकटी आणि देवांचं गाठोडं घेऊन. मला वाटलं, दोन दिवस मुक्काम असेल. ती पडवी सोडून आली होती. तिची पाठ वळताच दिराने तिथे कांदा भरला. मांडवात ज्याला त्याला सांगत होती, भावानं खोली बांधली मला. पाहुण्यांत मी काय बोलणार?
दुपारी ती खोलीकडे गेली तर दाराला कुलूप. रोहितचं सामान कालच आलंय. अक्का किल्ली मागायला पंगतीत आली. मी आमरस वाढत होतो. म्हणालो, अक्का, अकराच महिने. तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाली, सही करताना तू दिली म्हनला होता. आवाज चढवला नाही. पण पंगतीतल्या दोघातिघांनी ऐकलं असावं.
मी हॉलमधला सोफा सुचवला. सुवर्णाने आमची बेडरूम देऊ केली, पण ती वर, आणि अक्काचे गुडघे तसे. अक्का म्हणाली, नको, पाव्हणी म्हनून कशाला राहू. जेवली नाही. आज मी दिलेली साडी जिन्याच्या पायरीवर ठेवून गेली. वेदिका तिला सायखेड्याला पोहोचवायला गेली, पेटीसकट.
सुवर्णा संध्याकाळपासून बोलत नाही. दमली असेल. कांदा काय, आज ना उद्या विकला जातोच. दीर माणूस वाईट नाही.

९ ऑगस्ट
राखी आली नाही. पावसाळ्यात कुरिअरचं असंच चालतं. अक्का फोनही उचलत नाही. नदीकाठाला रेंज कमी.
वेदिका म्हणते, आत्या कांद्याच्या पोत्यांच्या कडेला झोपते, वासाने तिला खोकला झालाय. मी म्हणालो, खोकला साथीचा असतो.
ग्रुपवर एकाने विचारलं, घरातल्या वृद्ध माणसाची खोली कुठे काढावी. मी लिहिलं: तळमजला, पूर्वेला खिडकी, संडास जोडून, बाहेरून वेगळं दार. भरपूर अंगठे आले. वेदिका ग्रुप सोडून गेली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सकाळी. नवा शर्ट घातला. वेदिका अक्काला आणायला गेली आहे. आल्याबरोबर सांगणार: मार्चअखेर करार संपतो, मग खोली तिचीच. यादव मुदत वाढवून मागतोय, पण ते मी बघून घेईन. ओवाळणीत हेच घालायचं. ती खूश होईल.

चार वाजता. पाट मांडला. रांगोळी सुवर्णा काढेना, मीच काढली. अजून आल्या नाहीत. सणाची गर्दी असणार.

रात्री. वेदिका एकटीच आली. मी पाटावरच बसलो होतो. ती समोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.
अक्काला तिने चल म्हटलं. अक्काने तिला जेवू घातलं, पण निघायला उठली नाही. दिराच्या घरी सगळ्या सुनांचे भाऊ आले होते, ओवाळणं चाललं होतं. ऊन उतरल्यावर अक्कानेही ताट घेतलं, निरांजन लावलं. वेदिकाला वाटलं, आता निघायचं म्हणतेय. अक्का अंगणात गेली आणि मावळतीकडे तोंड करून उभी राहिली. ढग होते, कोर दिसायला वेळ लागला. ती खोकत तशीच उभी राहिली. कोर दिसली तेव्हा तिने चंद्राला ओवाळलं.
जाऊबाई म्हणाली, अहो, भाऊ आहे ना तुम्हाला? अक्का म्हणाली, हाय. बरा हाय. घर बांधलं त्यानं. आणि ताट घेऊन पोत्यांकडे गेली.
वेदिका रडत होती. मला तिची समजूत काढायची होती. मी म्हणालो, अगं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आपल्याकडे पद्धतच आहे तशी. ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते.
बोलून झाल्यावर माझं मला ऐकू आलं.