आपलकूसची फांदी

प्रिय हेस्टर वन्सं,

तुम्हाला आणि भावोजींना मारेटाचा मनापासून नमस्कार. मॉसेल बेच्या खाऱ्या हवेत तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे लिम्पोपोत आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आता बरे आहोत. मधे नव्हतो, त्याचीच हकीकत लिहायला बसले आहे. (साप म्हटलं तरी तुम्हाला घेरी येते हे ठाऊक आहे, म्हणून पुढचं खुर्चीत बसून वाचावं.)

तुमच्या भाचीने, नेलियाने, वाढदिवसाला साप मागितला आणि तुमच्या बंधूंनी (ते माझा शब्द कधी मोडत नाहीत, फक्त ऐकत नाहीत) आणून दिला. नारिंगी रंगावरून तिने नाव ठेवलं आपलकूस, जर्दाळू. गरीब प्राणी आहे. काचेच्या पेटीत राहतो. त्याला चढायला फांदी हवी होती, आणि ती मी करतो असं आपले बाबा आपणहून म्हणाले. वन्सं, आई गेल्यापासून त्यांनी सुतारखोलीचं दार उघडलं नव्हतं. हाक मारली की जेवायला यायचे आणि ताट सरकवून पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसायचे. त्या सकाळी रंध्याचा आवाज आला तेव्हा मी ओलं धुणं हातात घेऊन अंगणात कितीतरी वेळ नुसती उभी होते.

पण लाकूड त्यांनी घेतलं टँबोटीचं. तुमच्या लग्नातली कपड्यांची पेटी ज्याची आहे, तेच. आईची पेटी करताना उरलेलं, इतकी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. घासून-पुसून त्यांनी असं काही झाड उभं केलं की मलाच त्यावर चढावंसं वाटलं. नेलिया मात्र पांढरी पडली.

"आजोबा, टँबोटी विषारी असते. चीक, भुसा, धूर, सगळंच."

"मला शिकवतेस? टँबोटीच्या विस्तवावर मांस भाजू नये हे तुझ्या बापाला मी शिकवलं. आपण साप कुठे भाजतोय?"

"पेटीत सतत ऊब असते, ओल असते. आणि तो अंग घासत फिरतो."

"तुझ्या आजीचे कपडे चाळीस वर्षं टँबोटीत राहिले. एक कसर लागली नाही."

"म्हणूनच तर!"

बाबांनी ते झाड उचलून कोपऱ्यात ठेवलं. मग दुसऱ्या लाकडाचा शोध सुरू झाला. पाइनला राळेचा उग्र वास. शेजारच्या बागेतली संत्र्याची फांदी छान होती, पण तिच्यावर वर्षभर फवारण्या झालेल्या. शेवटी मोपानीची एक वाळकी फांदी सापडली. नेलिया म्हणाली, आतले किडे मरायला ती ओव्हनमध्ये तापवायची. फांदी ओव्हनपेक्षा लांब. दार मिटेना, म्हणून ते तुमच्या बंधूंच्या पट्ट्याने बांधलं, आणि त्या रविवारी ते एका हाताने पॅन्ट धरून चर्चला गेले. (आतले किडे मरण्याऐवजी रांगेने बाहेर पडले आणि माझ्या साखरेच्या डब्याकडे निघाले.)

आम्ही चर्चमध्ये असताना, डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलेल्या बाबांनी टँबोटीचा एक तुकडा हळूच त्याच ओव्हनमध्ये सरकवला. काही होत नाही हे त्यांना सिद्ध करायचं होतं. तो खालच्या तारेवर पडला आणि धुमसत राहिला. घरात शिरल्यावर वास आला, तो मी मोपानीचाच समजले. फांदी काढली आणि त्याच ओव्हनमध्ये मेंढीची तंगडी ठेवली, कारण पाद्रीसाहेब जेवायला यायचे होते. त्यांनी जेवणाआधी लांबलचक प्रार्थना केली, नंतरची मात्र अर्ध्यावर सोडली. आपल्या घरात शौचालय एकच आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याहून जास्त लिहीत नाही. सगळ्यांत जास्त बाबांनी खाल्लं होतं, सिद्ध करायचं होतं ना. भिंतीला धरून म्हणाले, "मटणच शिळं असेल." मग ओव्हनच्या तळाशी टँबोटीचा कोळसा झालेला तो तुकडा माझ्या हाती लागला. दुसऱ्या दिवशी सुतारखोलीला कुलूप. पुन्हा व्हरांडा, पुन्हा सरकवलेलं ताट. जुलाब परवडले, पण ते ताट बघवेना.

नेलिया मोपानीची फांदी घेऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"आजोबा, हिला माझी करवत लागत नाही."

"नाहीच लागणार. ते लाकूड नाही, धोंडा आहे."

"बरं. मग दुकानातून प्लॅस्टिकची आणते."

"प्लॅस्टिकची?" बाबा उठले. किल्ली खिशातच होती.

तेव्हापासून मोपानीवर त्यांच्या करवती बोथट होताहेत आणि दिवसभर शिव्यांचा भडिमार चालू आहे. शेजारीण म्हणाली, खिडकी तरी लावून घे. मी सताड उघडी ठेवते.

तुमची,
मारेटा

ता. क. लिहायचं होतं ते राहिलंच. ते टँबोटीचं झाड फेकवत नाही आणि घरात त्याच्याकडे बघून बाबा गप्प होतात. तुम्हाला हॅट अडकवायला काहीतरी हवंय असं त्यांना कळवाल का? आपणहून सुचल्यासारखं. (भावोजी हॅट घालत नाहीत, ते मी जाणून आहे. घालायला लावा.)

ता. क. २. मोपानीची फांदी तयार होऊन पेटीत बसली, पण बाबा म्हणतात साप चढत नाही, माझंच काहीतरी चुकलंय. आता तिसरी करायला घेतली आहे. काल दुपारी मी खोलीत डोकावले, तर आपलकूस पार शेंड्याला वेटोळं घालून सुखाने पडला होता. इतक्यात बाबांची पावलं वाजली. नेलियाने त्याला अलगद उचलून खाली ठेवलं आणि चेहरा पाडून म्हणाली, "अजून नाही हो, आजोबा." फोनवर त्यांनी विचारलं, तर तुम्हीही तेच ऐकलंय.